कॉलेज फुटबॉल २५ : केनेसॉ स्टेट विद्यापीठासोबतच्या पहिल्या हंगामाच्या नोंदी

१५ जुलै २०२४, सोमवार

ईए स्पोर्ट्सचा ‘कॉलेज फुटबॉल २५’ हा अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलवरचा व्हिडिओ गेम आजपासून काहींना खेळता येतो आहे आणि बाकीच्यांना शुक्रवारपर्यंत थांबावे लागणार आहे. ९९.९९ डॉलरची डिलक्स आवृत्ती आधी नोंदवणाऱ्यांना आजच प्रवेश मिळाला, ६९.९९ डॉलरची साधी आवृत्ती १९ तारखेला खुली होईल. मी यांपैकी काहीच घेतले नाही. ईए प्ले या कंपनीच्याच सेवेचे सदस्यत्व महिन्याला ५.९९ डॉलरना मिळते, त्यात आजपासून दहा तासांची चाचणी आहे आणि पुढे साधी आवृत्ती घेताना दहा टक्के सूटही मिळते. म्हणजे सदस्यत्वाचे पैसे सुटीतच वसूल होतात आणि चार दिवस वाट पाहावी लागत नाही. चाचणीत केलेली प्रगती पूर्ण खेळात तशीच पुढे चालते. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते: चाचणीचे घड्याळ मैदानावर उतरल्यावर नव्हे, तर खेळ उघडल्या क्षणापासून चालू होते. मेनू पाहणे, संघांचे गणवेश न्याहाळणे, चहा करायला उठणे हे सगळे त्या दहा तासांतच मोजले जाते. उठताना खेळ पूर्ण बंद करावा.

हा खेळ फक्त प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सीरिज एक्स व एस यांवरच चालतो. संगणकासाठी किंवा प्लेस्टेशन ४ साठी आवृत्ती नाही. इथे ॲटलांटाच्या उत्तरेकडच्या उपनगरांत आमच्या ओळखीच्या काही मराठी घरांमध्ये अजून जुनेच यंत्र आहे, म्हणून हे आधी लिहून ठेवतो.

या मालिकेतला याआधीचा खेळ जुलै २०१३ मध्ये आला होता. त्यानंतर मालिका थांबली, कारण खेळाडूंच्या शरीरयष्टीची, क्रमांकाची आणि कौशल्याची हुबेहूब प्रतिकृती विकली जात होती आणि खेळाडूंना मात्र काहीच मिळत नव्हते. यूसीएलए विद्यापीठाचा माजी बास्केटबॉल खेळाडू एड ओबॅनन याने २००९ मध्ये याच मुद्द्यावर दावा लावला आणि पुढे अशा दाव्यांची तडजोड एकूण ६ कोटी डॉलरवर झाली. जुलै २०२१ पासून महाविद्यालयीन खेळाडूंना स्वतःच्या नावाचे आणि चेहऱ्याचे पैसे घेण्याची मोकळीक मिळाली, त्यामुळे यंदा नावासह खेळात उतरायला तयार झालेल्या प्रत्येक खेळाडूला ६०० डॉलर आणि खेळाची एक प्रत देण्यात आली. अकरा हजारांहून अधिक खेळाडूंनी ते स्वीकारले. प्रशिक्षकांची नावे आणि चेहरे मात्र खरे नाहीत, ते काल्पनिक आहेत. ज्या क्षेत्रात प्रशिक्षकांना कोट्यवधी मिळत आले आणि खेळाडूंना शिष्यवृत्तीपलीकडे काही नव्हते, तिथे हा उलटा क्रम पाहून मला थोडी गंमत वाटली.

१६ जुलै, मंगळवार

आज फक्त मैत्रीपूर्ण सामने खेळलो. वेग हीच पहिली जाणवणारी गोष्ट आहे. ज्यांना याच कंपनीच्या व्यावसायिक लीगवरच्या खेळाची सवय आहे, त्यांना इथले खेळाडू हलके आणि चपळ वाटतील, आणि चांगला रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन पळणारा खेळाडू, एकदा मोकळ्या जागेत शिरला की त्याला मागून गाठणे जवळजवळ अशक्य असते.

पासने मात्र मला रडकुंडीला आणले. खेळात मुळात लावलेल्या नव्या पद्धतीत रिसीव्हरचे, म्हणजे पास झेलणाऱ्या खेळाडूचे, बटण दाबताच त्याच्याजवळ एक छोटी पट्टी भरू लागते आणि चेंडूचा जोर व अचूकता दोन्ही त्या पट्टीवर ठरतात. बटण हलके टेकवले तर चेंडू उंच, तरंगत जातो, आणि धरून ठेवले तर सरळ व जोरात जातो. पण पट्टी मर्यादेपलीकडे भरली की तो भरकटतो. गडबडीत अंगठा आपोआप जोरात दाबला जातो, आणि समोरून बचावपटू अंगावर येत असताना ही गडबड प्रत्येक वेळी होतेच. इंटरसेप्शनचा, म्हणजे आमचा पास प्रतिस्पर्ध्याने झेलण्याचा, पाऊस पडला. पर्याय म्हणून सेटिंगमध्ये जुनी ‘क्लासिक’ पद्धत निवडता येते, तिच्यात पट्टी नसते. मी थोडा वेळ ती लावून पाहिली, पण मग सगळे पास एकसारखे वाटू लागले, म्हणून पुन्हा नव्या पद्धतीकडे आलो आणि सराव विभागात जाऊन केवळ छोटे, आठ-दहा यार्डांचे पास टाकत बसलो. वेळ गेला, पण तो वाया गेला असे म्हणणार नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी सामना खेळण्याआधीच हे करावे.

काठिण्याचे स्तर चार आहेत: फ्रेशमन, व्हर्सिटी, ऑल-अमेरिकन आणि हाइजमन. फ्रेशमनवर प्रतिस्पर्धी संघ जवळजवळ स्वस्थ उभा राहतो आणि त्यामुळे वाईट सवयी लागतात. व्हर्सिटीपासून सुरुवात करणे बरे.

महाविद्यालयीन नियम वेगळे आहेत, ते डोक्यात असू द्यावेत. झेल घेताना रिसीव्हरचा एकच पाय सीमारेषेच्या आत असला तरी चालतो. गुडघा टेकला की कोणी स्पर्श केलेला नसला तरी डाव तिथेच थांबतो. त्यामुळे झेप घेऊन पकडलेल्या चेंडूनंतर उठून पळण्याचा विचार सोडून द्यावा. सर्वांत मोठा फरक मैदानावरच्या हॅशच्या रेघांचा, म्हणजे प्रत्येक डाव जिथून सुरू होतो त्या मधल्या पट्ट्याच्या दोन कडांचा, आहे. महाविद्यालयीन मैदानावर त्या एकमेकींपासून ४० फूट दूर असतात, व्यावसायिक मैदानावर जेमतेम साडेअठरा फूट. चेंडू एका रेघेवर ठेवला गेला की एका बाजूला ६० फूट जागा उरते आणि दुसऱ्या बाजूला १००. या १०० फुटांचा उपयोग कसा करायचा, यावर पुढे सगळा हंगाम अवलंबून राहणार आहे, असा माझा आजचा अंदाज आहे.

१८ जुलै, गुरुवार

चाचणीचा उरलेला वेळ परक्या मैदानांवर घालवला. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या काइल फील्डची क्षमता १,०२,७३३ आहे, आणि खेळ येण्यापूर्वी निर्मात्यांनीच जाहीर केलेल्या सर्वांत अवघड मैदानांच्या यादीत ते पहिले होते. तिथे पाहुणा संघ घेऊन उतरलो आणि तिसऱ्या डाउनला, म्हणजे दहा यार्ड पुढे जाण्यासाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याला, गोंगाट वाढताच पडदा थरथरू लागला, आपल्या खेळाडूंनी कुठे धावायचे हे दाखवणाऱ्या रेघा वेड्यावाकड्या झाल्या, आणि आयत्या वेळी बदललेला मार्ग रिसीव्हरला नीट पोहोचलाच नाही. क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा आणि पास टाकणारा खेळाडू, नवखा असेल तर हा त्रास वाढतो. दिसायला ही क्लृप्ती साधी आहे, पण तिने खेळण्याची पद्धतच बदलते: परक्या मैदानावर आयत्या वेळचे बदल टाळावेत, डाव आधीच पाठ असलेला निवडावा, आणि तिसऱ्या डाउनला तीन-चार यार्डच उरतील अशा बेताने पहिले दोन डाउन खेळावेत.

माझा मुलगा शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो. त्याला खेळात रस बेताचाच आहे, पण प्रत्येक विद्यापीठाचे स्वतःचे गीत कधी वाजते, टचडाउननंतर, म्हणजे चेंडू मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात नेल्यावर, किती लगेच सुरू होते, याकडे त्याचे बारीक लक्ष होते. त्याचे मत अनुकूल पडले. समालोचन ख्रिस फाउलर आणि कर्क हर्बस्ट्रीट या जोडीचे आहे, आणि काही सामन्यांना रीस डेव्हिस, जेसी पामर व डेव्हिड पोलॅक असतात. पहिल्या दिवसांत ते कानाला छान वाटते.

१९ जुलै, शुक्रवार

सवलतीनंतर सुमारे ६३ डॉलर व वर स्थानिक कर देऊन साधी आवृत्ती घेतली. ‘अल्टिमेट टीम’ या पत्त्यांच्या विभागाकडे मी पाहणारही नाही. तिथे पैसे ओतण्याला अंत नसतो. ‘रोड टू ग्लोरी’मध्ये एकाच खेळाडूची कारकीर्द घडवायची असते, ते मुलासाठी ठेवले आहे. माझे काम ‘डायनॅस्टी’ आहे: एखाद्या विद्यापीठाचे प्रशिक्षकपद घ्यायचे, संघ चालवायचा, शाळकरी खेळाडूंना आपल्याकडे वळवायचे, आणि हे वर्षानुवर्षे करत राहायचे. तीस हंगामांपर्यंत ते चालू शकते आणि एकत्र खेळणारे बत्तीस जण असू शकतात. पुढे मित्रांना सामील करून घ्यायचे असेल तर सुरुवातीलाच क्लाउडवर डायनॅस्टी उघडावी.

एफबीएस या वरच्या श्रेणीतले सगळे १३४ संघ खेळात आहेत. मी केनेसॉ स्टेट घेतले. हे विद्यापीठ आमच्या घरापासून मोटारीने अर्ध्या-पाऊण तासावर आहे, तिथला फुटबॉल संघ २०१५ मध्येच सुरू झाला आणि वरच्या श्रेणीत त्याचे हे पहिलेच वर्ष आहे. तो कॉन्फरन्स यूएसए या गटात खेळतो. त्याच राज्यात अथेन्सला जॉर्जिया विद्यापीठाचा बलाढ्य संघ आहे, ज्याने २०२१ आणि २०२२ अशा लागोपाठच्या हंगामांत राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. जॉर्जियाचा संघ घेऊन जिंकण्यात मला गोडी वाटली नसती.

प्रशिक्षकाचे तीन प्रकार निवडता येतात: खेळाडूंची प्रगती घडवणारा मोटिव्हेटर, सामन्यातले डावपेच जाणणारा टॅक्टिशियन, आणि भरतीत निपुण असा रिक्रूटर. छोट्या संघाला माणसेच नसतात, तेव्हा डावपेचांचे काय लोणचे घालायचे, असा विचार करून मी रिक्रूटर निवडला. हा निर्णय बरोबर ठरला असे आजही वाटते.

२० जुलै, शनिवार

हंगामापूर्वीच्या भरतीवर आजचा जवळजवळ सगळा दिवस गेला. प्रत्येक आठवड्याला भरतीसाठी ठरावीक तास मिळतात आणि लहान विद्यापीठाला ते मोठ्यांपेक्षा कमी असतात. आपल्या फळ्यावर जास्तीत जास्त ३५ शाळकरी खेळाडूंची नावे ठेवता येतात. शिष्यवृत्ती देऊ केली की ५ तास खर्च होतात, खेळाडूची पारख करायला १०, त्याची समाजमाध्यमे चाळायला ५, थेट निरोप पाठवायला १०, घरच्यांशी व मित्रांशी बोलायला २५, आणि सगळी ताकद लावायची तर ५०.

मी पस्तीसच्या पस्तीस जागा भरल्या, त्यांत चार ताऱ्यांचे, म्हणजे वरच्या दर्जाचे, कितीतरी खेळाडू घेतले, आणि सगळ्यांना थोडे थोडे तास वाटून दिले. कोणालाही वाईट वाटू नये अशी ही वाटणी होती. याचा परिणाम काय झाला, ते पुढच्या नोंदीत आहे.

२१ जुलै, रविवार

पहिला सामना सॅन अँटोनियोच्या अलामोडोममध्ये यूटीएसए या विद्यापीठाच्या संघाशी होता, खऱ्या वेळापत्रकातही तोच आहे. छताखालचे मैदान असल्यामुळे गोंगाट जास्तच अंगावर येतो. पहिल्या अर्ध्यात मी क्वार्टरबॅककडून लांब पास टाकून घेत राहिलो. आमची आक्रमणफळी इतकी दुबळी आहे की पास टाकायला लागणारा वेळच मिळत नव्हता. सॅक (पास टाकण्याआधीच क्वार्टरबॅक पाडला जाणे), इंटरसेप्शन, पंट (चेंडू लाथाडून प्रतिस्पर्ध्याकडे देणे), पुन्हा सॅक. मध्यंतरानंतर ‘रीड ऑप्शन’चे डाव सुरू केले आणि तेही फसले. या डावात बचावफळीतल्या टोकाच्या एका खेळाडूला मुद्दाम न अडवता मोकळे सोडलेले असते. तो रनिंग बॅककडे झेपावला तर क्वार्टरबॅकने चेंडू स्वतःकडे ठेवून बाहेरून पळायचे, तो जागेवर थांबला तर चेंडू रनिंग बॅकच्या हाती द्यायचा. बटण धरून ठेवले तर चेंडू दिला जातो, न धरल्यास क्वार्टरबॅककडे राहतो. मी प्रत्येक वेळी उलटेच करत होतो.

मुलगा शेजारी बसून पाहत होता. तो म्हणाला, “बाबा, तू चेंडूकडे बघतोयस. त्या टोकाच्या माणसाकडे बघ ना.” कबड्डीत चढाईला गेलेला खेळाडू कोपऱ्यातल्या बचावपटूचा पाय कुठे वळतो आहे ते पाहतो, तसेच हे आहे. त्या मोकळ्या सोडलेल्या माणसावर डाव सुरू होण्यापूर्वी एक खूणही दिसते, ती मी आतापर्यंत पाहिलीच नव्हती. चौथ्या क्वार्टरमध्ये याच एका डावावर दोन टचडाउन मिळाले. सामना तोवर हातचा गेला होता.

२४ जुलै, बुधवार

भरतीचा निकाल लागू लागला आहे आणि तो वाईट आहे. ज्या चार ताऱ्यांच्या खेळाडूंवर तास खर्च केले, त्यांच्या यादीत आमचे नाव सुरुवातीला खाली होते आणि दोन-तीन आठवड्यांत ते यादीतूनच गेले. मोठे विद्यापीठ एखाद्या मुलाकडे उशिरा वळले तरी त्याच्याकडे आठवड्याला खर्चायला इतके तास असतात की आमची महिन्याभराची मेहनत एका झटक्यात मागे पडते. थोडे थोडे वाटण्यातून काहीच पदरात पडत नाही, कारण खेळाडूच्या मनातली चढाओढ एकूण किती खेळाडूंशी आपण बोललो यावर ठरत नाही, तर त्या एकाशी आपण इतरांपेक्षा किती जास्त बोललो यावर ठरते.

म्हणून फळा पुसून पुन्हा मांडला. आधी ज्यांच्या यादीत आमचे नाव आत्ताच वर आहे असेच खेळाडू शोधले. त्यांतून ॲटलांटा परिसरातले वेगळे काढले, कारण आपल्या भागातल्या मुलांशी संबंध जोडणे सोपे जाते आणि हा भाग फुटबॉलपटूंनी भरलेला आहे. मग दोन आणि तीन ताऱ्यांच्या खेळाडूंची पारख करण्यावर तास घालवले. पारख पूर्ण झाली की एखादा खेळाडू दिसतो त्यापेक्षा सरस निघतो आणि त्यावर हिरवी खूण येते. एखादा फुसका निघतो, त्यावर लाल खूण येते. लाल खूण आली की त्याला त्याच क्षणी सोडायचे, आतापर्यंत किती तास घातले याचा विचार करायचा नाही. शेवटी फळ्यावर निम्म्याहून कमी नावे उरली आणि त्यांतल्या मोजक्या जणांवर दर आठवड्याला पूर्ण ५० तास लावायला सुरुवात केली.

प्रत्येक खेळाडूला विद्यापीठाकडून काय हवे असते तेही पाहावे. खेळायला किती मिळेल, घर किती जवळ, सुविधा कशा, पुढे व्यावसायिक खेळाडू होण्याची शक्यता किती, अशा चौदा बाबींत प्रत्येक विद्यापीठाला श्रेणी दिलेली असते. आमच्याकडे सुविधा आणि परंपरा यांत सांगण्यासारखे काही नाही; मैदानही दहा हजारांच्या आतबाहेरचे आहे. पण खेळायची संधी भरपूर आहे आणि स्थानिक मुलांना घर जवळ आहे. ज्यांना नेमके हेच हवे, त्यांनाच विचारायचे. शिवाय प्रत्येकाची एक अट अशी असते की तिच्यात आपली श्रेणी कमी पडली तर बाकी सगळे व्यर्थ. ती अट पारख करण्याच्याही आधी वाचावी. मी ती वाचली असती तर पहिल्या आठवड्यातले निम्मे तास वाचले असते.

२७ जुलै, शनिवार

ऑप्शनचा डाव आता बऱ्यापैकी बसला आहे. तिहेरी ऑप्शनमध्ये क्वार्टरबॅक बाहेर पळता पळता शेवटच्या क्षणी बाजूच्या धावपटूकडे चेंडू उडवतो, प्लेस्टेशनवर त्यासाठी एल १ बटण आहे, आणि इथेच हॅशच्या रेघांचा प्रश्न सुटतो. चेंडू डाव्या रेघेवर असेल तर उजवीकडे १०० फूट आहेत, म्हणून डाव तिकडे वळवायचा. प्रतिस्पर्ध्याने ती बाजू भरायला माणसे हलवली की पुढचा डाव अरुंद बाजूला. घरच्या मैदानावर पहिला विजय यावर मिळाला.

विजयाची किंमतही लगेच मोजावी लागली. या खेळात ‘वेअर अँड टेअर’ नावाची नवी व्यवस्था आहे. खेळाडूच्या शरीराच्या प्रत्येक भागाला बसलेला मार वेगळा मोजला जातो, त्याप्रमाणे त्याची त्या भागाशी निगडित क्षमता घटते, आणि आठवड्याच्या विश्रांतीत ती पूर्ण भरून येईलच असे नाही. मी एकाच रनिंग बॅकला आणि पळणाऱ्या क्वार्टरबॅकला जवळजवळ प्रत्येक डावात वापरत होतो. सामन्यामागून सामने गेल्यावर रनिंग बॅकचे पाय इतके थकले की मोकळ्या जागेतही मागचे बचावपटू त्याला गाठू लागले. आधी मला वाटले की काठिण्याचा स्तर चुकून वाढला आहे. संघाच्या पानावर जाऊन शरीराचा नकाशा पाहिला तेव्हा कारण कळले.

आता दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या धावपटूंना ठरवून डाव देतो, क्वार्टरबॅकला पळवल्यावर शेवटी बटण दाबून घसरवतो, म्हणजे त्याला टक्कर बसत नाही, आणि हातचा सामना असेल तर चौथ्या क्वार्टरमध्ये मुख्य खेळाडूंना बाहेर बसवतो.

३१ जुलै, बुधवार

आजची नोंद सेटिंगची. क्वार्टर किती मिनिटांचा ठेवायचा आणि घड्याळ डाव निवडताना किती पुढे पळवायचे, या दोन गोष्टी एकमेकींशी जुळल्या नाहीत तर आकडे विचित्र दिसू लागतात. लांब क्वार्टर आणि मंद घड्याळ ठेवले तर एकेक सामना संध्याकाळ खाऊन टाकतो आणि मार जास्त बसल्यामुळे खेळाडूही थकतात. छोटा क्वार्टर ठेवला तर ऑप्शनसारखा वेळखाऊ संघ चेंडू तीन-चार वेळाच हाती घेतो आणि एक चूक म्हणजे सामना गेला. अधलेमधले गणित बसवण्यात हंगामाचे काही सामने खर्ची पडले. संघाला सामन्यात साठ-सत्तर डाव मिळतील असे बघावे, कारण खऱ्या महाविद्यालयीन सामन्यात साधारण तितकेच होतात.

एफसीएस या खालच्या श्रेणीतल्या संघांविषयी एक बारीकशी गोष्ट. ते खऱ्या नावाने नाहीत, तर प्रदेशाच्या नावाने असलेले काल्पनिक संघ आहेत. केनेसॉने गेल्या वर्षीपर्यंत ज्या श्रेणीत घाम गाळला, तिचे नाव-गावही खेळात नसावे, हे मला जरा खटकले.

४ ऑगस्ट, रविवार

गटातला एक सामना ठरल्या वेळेत बरोबरीत राहिला आणि जादा वेळेपर्यंत गेला. महाविद्यालयीन पद्धतीत दोन्ही संघांना प्रतिस्पर्ध्याच्या २५ यार्डांच्या रेघेपासून एकेक संधी मिळते. दुसऱ्या फेरीत टचडाउननंतर दोन गुणांचाच, म्हणजे तीन यार्डांवरून पुन्हा चेंडू आत नेण्याचा, प्रयत्न करावा लागतो. तिसऱ्या फेरीपासून तर फक्त दोन गुणांचे प्रयत्न आलटून पालटून. नाणेफेक जिंकली तर आधी बचाव घ्यावा, म्हणजे आपल्याला किती गुण लागणार ते कळलेले असते. मी आधी आक्रमण घेतले, चौथ्या डाउनला फील्ड गोलवर, म्हणजे चेंडू लाथाडून मिळणाऱ्या तीन गुणांवर, समाधान मानले, आणि त्यांनी टचडाउन करून विषय संपवला. ज्या संघाचा एकच भरवशाचा डाव ऑप्शन आहे, त्याने दोन गुणांसाठी जाण्याला घाबरायचे काही कारण नव्हते. तीन यार्डांत आमच्याइतका धोकादायक संघ या गटात नसेल.

भरतीत मात्र नवी मांडणी फळाला येते आहे. एखाद्या मुलाच्या यादीत पहिल्या पाचांत आलो की त्याला विद्यापीठाच्या भेटीला बोलावता येते. भेटीच्या आठवड्यात घरचा सामना जिंकला तर वजन वाढते, हरलो तर उलट. म्हणून भेटी कमकुवत प्रतिस्पर्ध्याच्या आठवड्यातच ठेवाव्यात. एकाच जागेसाठी खेळणारे दोघे एकाच दिवशी बोलावू नयेत, ते एकमेकांना पाहून बिचकतात. क्वार्टरबॅक आणि रिसीव्हर अशी पूरक जोडी बोलावली तर दोघांचाही कल वाढतो. हे खेळात स्वच्छ लिहिलेले आहे, पण अशा पानावर लिहिलेले आहे जिथे मी फार उशिरा पोहोचलो.

१० ऑगस्ट, शनिवार

हंगाम संपला. बारापैकी पाच सामने जिंकलो. यंदापासून राष्ट्रीय प्लेऑफ बारा संघांची झाली आहे आणि खेळातही तशीच आहे. गटविजेत्यांपैकी सर्वोच्च मानांकनाच्या पाच संघांना तिच्यात थेट जागा आहे, त्यामुळे आमच्यासारख्या गटालाही कागदावर वाट मोकळी आहे. आम्ही त्या वाटेपासून बरेच दूर राहिलो.

हंगामानंतरचे काम मला वाटले होते त्यापेक्षा बरेच जास्त निघाले. आधी कोण सोडून जाणार याची यादी येते. त्या यादीत आमचा पहिल्या पसंतीचा कॉर्नरबॅक, म्हणजे रिसीव्हरला अडवणारा बचावपटू, होता. खेळायला भरपूर मिळत असूनही तो निघाला होता, कारण त्याची अट संघाच्या यशाशी बांधलेली होती आणि आमची त्यातली श्रेणी घसरली होती. मनधरणीच्या संधी मोजक्या असतात. त्या मी आधी चांगल्या खेळाडूंवर खर्च केल्या, पण ज्याची अटच मोडली आहे त्याच्यावर त्या खर्चणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. बदली मिळायला अवघड अशा जागांवर, म्हणजे आक्रमणफळीच्या धिप्पाड खेळाडूंवर, त्या खर्चायला हव्या होत्या.

त्यानंतर ट्रान्सफर पोर्टलचे, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीचे, चार आठवडे येतात. मोठ्या विद्यापीठांत बाकावर बसून कंटाळलेले खेळाडू इथे मिळतात आणि त्यांना नेमके आमच्याकडे असलेले एकमेव भांडवल हवे असते, मैदानावर उतरण्याची संधी. शाळकरी मुलांपेक्षा यांच्यावर घातलेले तास मला जास्त लाभले. आक्रमणफळीतले दोघे आणि एक अनुभवी क्वार्टरबॅक आले. क्वार्टरबॅक पळण्यात बरा आहे, पासमध्ये यथातथाच. आमच्या डावांना तेच सोयीचे आहे.

११ ऑगस्ट, रविवार

दुसऱ्या हंगामाच्या आधी खेळाडूंची संख्या ८५ वर आणावी लागते, कारण २०२४ च्या हंगामात महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये शिष्यवृत्त्यांची मर्यादा तेवढीच होती. यंदाची भरती, पोर्टलवरचे आणि जुने असे मिळून आम्ही तिच्या वर गेलो होतो. कमी करण्यापूर्वी प्रत्येक खेळाडूची जागा बदलून पाहावी: सुरक्षा फळीतला एक मंद पण धडधाकट खेळाडू लाइनबॅकर (पुढच्या फळीमागचा बचावपटू) केला तर त्याचे गुण वाढले, आणि एक रिसीव्हर कॉर्नरबॅक म्हणून चालून गेला, ज्यामुळे सोडून गेलेल्याची जागा अर्धीमुर्धी भरली. हे न करता मी आधी तीन नावे काढून टाकली होती आणि ती परत आणता आली नाहीत.

किकर, म्हणजे चेंडू लाथाडणारे खेळाडू, दोन होते. त्यांतला एक काढला आणि उरलेल्याच्या पायाची ताकद पाहिली नव्हती, हे नंतर लक्षात आले. पुढच्या हंगामात चाळीस यार्डांपलीकडे फील्ड गोलचा प्रयत्न करायचा नाही, चौथ्या डाउनला ऑप्शनच खेळायचा, असे ठरवून पहिल्या आठवड्याची भरती मांडली आहे: फळ्यावर नावे कमी, तीनच जणांवर पूर्ण तास, त्यांत एक किकर.